विज्ञानाच्या खोलीतला मामा

पालकसभेत दरवर्षी एक तरी वडील उठून विचारतात, "सातवीत मुलं नक्की शिकतात तरी काय?" मी गणिताचा माणूस. मी लगेच सांगतो, शेकडेवारी, कोन आणि उत्तराखाली दोन रेघा मारणं. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सांगतात, शिस्त. शेजारच्या चर्चचे फादर सभेला चहापुरते येतात, तेही हसून म्हणतात, "दहा आज्ञा पाठ होतात. पाळायचं बघू पुढे." विज्ञानाच्या बाई मात्र प्रश्नाचं उत्तरच देत नाहीत. त्या चष्म्यावरून त्या वडिलांकडे बघतात आणि म्हणतात, "आधी सरळ बसा. पाठीला कणा कशाला दिलाय?" आणि चांगला मिशीवाला, पोरंबाळं असलेला गृहस्थ गुमान सरळ बसतो.

मुलं त्यांना पाठीमागे मणकाबाई म्हणतात. मी तोंडावर म्हणतो. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं कैक वर्षं एकमेकांना चिकटून आहेत आणि त्यांची खोडी काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. बाई अंगाने काटकुळ्या, आवाजाने दणदणीत. नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि बसलीच तर तिला पाय किती ते वर्गाला मोजायला लावतील. लग्न केलं नाही. "सवड झाली नाही," म्हणतात. दोन गल्ल्या सोडून धाकट्या बहिणीच्या घरी राहतात. तिथली भाचरं कुरकुरतात की मावशी जेवताना ताटातल्या कोंबडीचं प्रत्येक हाड ओळखायला लावते, आणि चुकलं तर दुसरा तुकडा मिळत नाही.

बाई विज्ञान शिकवतात आणि धर्मशिक्षणही. धर्मशिक्षणाच्या म्हाताऱ्या सिस्टरांची बदली झाली तेव्हा तो तास कोणी घेईना. सगळ्यांनाच देवाची भीती. बाई म्हणाल्या, "मला द्या. मला प्रश्नांची भीती वाटत नाही." पुढे त्यांना एका प्रश्नाची चांगलीच भीती वाटली. ती हकिकत सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतलंय. पण आधी मामाची ओळख करून द्यायला हवी.

विज्ञानाच्या खोलीत काचेचं उभं कपाट आहे. त्यात, कवटीला बसवलेल्या आकड्याने, एक सापळा लटकलेला असे. प्लास्टिकचा नव्हे, खऱ्या माणसाचा. शाळा नवी असताना कुठल्याशा वृद्ध डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना तो देऊन टाकला, यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं. हाडं जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर झालेली. डाव्या करंगळीचं टोक कधीतरी हरवलं होतं, तिथे बाईंनी खडूचा तुकडा घासून बसवला होता. सगळी शाळा त्याला मामा म्हणे.

आणि मामाला विजार होती. बाहेरचे लोक यावर हसतात. आमच्या शाळेत कोणाला त्यात काही वावगं दिसत नसे. फार पूर्वीच्या एका मोठ्या सिस्टरांनी ठरवलं होतं की मुलं-मुली एकत्र बसतात त्या खोलीत कमरेखाली उघडा मनुष्य चालणार नाही, मग तो मेलेला का असेना. तेव्हापासून विजार विरली की शिवणाच्या तासाला मामासाठी नवी शिवली जाई. कमरेला नाडी, खाली दुमडलेली पट्टी, शिवण अगदी पक्की. जुनी उतरवून नवी चढवायचं काम शिवणाच्या सिस्टर स्वतः करत, दार लावून, आणि आम्हा सगळ्यांचा दाट संशय होता की डोळेसुद्धा मिटून.

बाईंचा हाडांचा धडा म्हणजे शाळेचं भूषण. पहिल्या दिवशी त्या कपाट उघडत आणि म्हणत, "हा सापळा नाही. हा माणूस आहे. याला भूक लागायची, झोप यायची, पाय दुखायचे. कोणीतरी याला जेवायला हाक मारत असणार. याच्यासमोर तोंडात काही चघळायचं नाही." मग प्रत्येक मुलाने पुढे येऊन मामाशी हात मिळवायचा आणि आपलं नाव सांगायचं. दांडगट पोरंही त्या वेळी हळू बोलत. शाळा सोडून गेलेली माणसं आपल्या पोरांना घेऊन येतात, तेव्हा आधी विचारतात, "मामा आहेत ना?" आमच्याबद्दल नंतर विचारतात.

त्या वर्षी वेळापत्रक करायचं काम मोठ्या सिस्टरांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. मी सातवीचं धर्मशिक्षण आणि विज्ञान लागोपाठ लावलं, बाईंना जिने कमी चढावे लागतील म्हणून. एवढंच माझं पुण्यकर्म.

तर पहिल्या तासाला बाईंनी दयेची सात कामं शिकवली. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट आणि मेलेल्याला माती. बाई शिकवतात तेव्हा पोरं नुसती ऐकत नाहीत, पेटतात. घंटा झाली आणि तो अख्खा पेटलेला वर्ग विज्ञानाच्या खोलीत जाऊन बसला. समोर कपाटात मामा.

त्या वर्गात एक मुलगी होती. दोन वेण्या, जाड चष्मा, हात कायम वर. तिचं नाव आम्ही शंकासूर ठेवलं होतं. तिने हात वर केला.

"बाई, मामांना कोणी माती दिली नाही का?"

"नाही. ते विज्ञानाच्या कामी आले."

"त्यांनी हो म्हटलं होतं?"

दुसऱ्या कोणी काहीतरी ठोकून दिलं असतं. मी तर नक्कीच दिलं असतं. पण बाईंना खोटं बोलता येत नाही, तो त्यांचा जन्मजात आजार आहे. त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

"मग आपण देऊ या ना," शंकासूर म्हणाली. "कैद्याला भेटायला आम्हाला कोण सोडणार? बेघराला घरी नेलं तर आई ओरडेल. हे काम जमण्यासारखं आहे. मामा तर इथेच आहेत."

मागच्या बाकांवरून "हो बाई, हो बाई" सुरू झालं. बाई म्हणाल्या, "बघते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घंटा व्हायच्या आधी वर्ग सोडला.

शिक्षकांच्या खोलीत आल्या त्या तणतणत. कप असा आपटला की बशीतला चहा माझ्या वह्यांवर आला.

"काय झालं मणकाबाई? मामा पळाला?"

"थट्टा नको सर. कार्टी मला माझ्याच शब्दात पकडतायत."

सगळं ऐकून मी म्हटलं, "मग देऊन टाका की माती. प्लास्टिकचा मागवू. हल्ली छान येतात, बरगड्या सुट्या होतात."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बिस्किटाचा डबा पुढे सरकवला. "प्लास्टिकशी हात मिळवून कोणी नाव सांगेल का हो? मुलं हसतील. हा धडा चालतो तो मामा खरा आहे म्हणून. तो गेला तर माझ्याकडे काय राहिलं? तक्ता?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "निवृत्तीपर्यंत राहू दे त्याला. नंतर काय करायचं ते करा. मला त्याच्याशिवाय शिकवता येणार नाही." बाईंना काही येत नाही असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मुलांनी हट्ट केला असता तर बाईंनी तो मोडून काढला असता. त्यात त्या पटाईत. पण मुलांनी भलतंच केलं. आमच्याकडे सकाळच्या प्रार्थनेत पाळीपाळीने एकेका वर्गातली मुलं माइकसमोर येऊन देवाकडे काही मागतात आणि सगळी शाळा एका सुरात म्हणते, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." त्या आठवड्यात पाळी सातवीची. आजाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी मागून झालं आणि शेवटी एक घोगऱ्या आवाजाचा पोरगा पुढे आला. "विज्ञानाच्या खोलीतल्या मामांना कायमची विश्रांती मिळो, आणि बाईंना धीर मिळो."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" शाळा गरजली. मी बाईंकडे बघायचं टाळलं. त्यांचे कान लाल झाले होते.

हे रोज झालं. आठवडा संपला तेव्हा बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. सोमवारी पाचवीची पाळी. पाचवीतली टिचभर पोरगी स्टुलावर चढली आणि तिने मामासाठी मागितलं. त्यानंतर सहावीने मागितलं. मोठ्या सिस्टरांनी बाईंना बोलावून घेतलं. मी काहीतरी निमित्त काढून बरोबर गेलो.

"हे काय चाललंय?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"थांबवा तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी? प्रार्थना थांबवू? मुलांना आपणच सांगतो, मागा म्हणून." त्या हताश होऊन टेबलावरच्या काचेच्या गोळ्याशी चाळा करत बसल्या. "मागच्या वर्षी फुटबॉलचा चषक मागत होती, तेव्हा काही त्रास नव्हता."

फादरांना विचारलं. त्यांनी दाढी खाजवली. मामा ख्रिस्ती होता की नव्हता, बाप्तिस्मा झाला होता की नव्हता, कोणालाच ठाऊक नाही. "पण ते वरचे लोक बघून घेतील," फादर म्हणाले. "दफनभूमीत भिंतीलगत जागा आहे. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला की परवानगीचं मी बघतो. प्रश्न एवढाच की बाई त्याला सोडणार का?" म्हणजे सगळं घोडं बाईंपाशी येऊन अडलेलं. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती करणार नव्हतं. तीच तर खरी पंचाईत.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मामाला पुसत. जुना दात घासायचा ब्रश, कोमट पाणी, मऊ फडकं. त्या शनिवारी मी खडूंचा डबा न्यायला गेलो तेव्हा त्या मनगटाची बारीक हाडं एकेक करून पुसत होत्या.

"सर," त्या न वळता म्हणाल्या, "मी आईच्या कबरीवर वर्षातून एकदा जाते. याला दर आठवड्याला पुसते."

मी डबा उघडून खडू मोजायला लागलो. मला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

"मुलांनी हे नुसतं परीक्षेपुरतं पाठ केलं असतं ना, तर मी दडपून नेलं असतं. इतकी वर्षं सगळ्या वर्गांनी तेच केलं. पाठ केलं, लिहिलं, विसरले. हा पहिला वर्ग, जो खरंच शिकला. आणि आता मीच म्हणू, की बाळांनो, हे खरं धरायचं नसतं?" फडकं पिळून त्यांनी ते खिडकीच्या गजावर वाळत घातलं. "डॉक्टरला बोलवा."

हे डॉक्टर आमचेच विद्यार्थी. माझ्या गणितात कायम काठावर पास, पण बाईंच्या हाडांच्या धड्यात पैकीच्या पैकी. तिथूनच त्यांचं डोकं वैद्यकीकडे वळलं असं ते स्वतः सांगतात. आता सरकारी दवाखान्यात असतात, टक्कल पडलंय, पण बाईंसमोर अजून सरळ उभे राहतात. सोमवारी मधल्या सुट्टीत आले. खोलीत बाई, मी आणि शिवणाच्या सिस्टर. खिडकीबाहेर सातवीचा वर्ग नाक काचेला लावून उभा.

डॉक्टरांनी आधी रीतसर मामाशी हात मिळवला. आपलं नावही सांगितलं. मग कवटी पाहिली, दात पाहिले, जरा थबकले. गळ्याजवळचं हाड बोटाने चाचपलं. आणि म्हणाले, "विजार काढावी लागेल."

"कशाला?" शिवणाच्या सिस्टर पुढे झाल्या. "पाय खालून दिसतायत की!"

"सिस्टर, दाखल्यावर सही करायचीय मला."

सिस्टरांनी खिडकीकडे बघून पोरांना हाताने हाकललं. पोरं खाली वाकली आणि पुन्हा वर आली. सिस्टरांनी पडदा ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि क्रुसाची खूण केली. डॉक्टरांनी नाडी सोडली.

मग कमरेच्या हाडाभोवतीची धूळ फुंकली. वाकून खालून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू परीक्षेत बरोबर उत्तर सुचलंय पण सांगायला संकोच वाटतोय.

"बाई," ते म्हणाले, "हा मामा नाही."

"म्हणजे?"

"ही बाई आहे. हा कमरेचा कटोरा बघा केवढा पसरट आहे, पुरुषाचा अरुंद असतो. आणि पुढचा हा कोन." कोन मलाही दिसला. चांगला ऐसपैस होता. "वयही फार नाही. गळ्याचं हे हाड आत्ता कुठे जुळत आलंय. पंचविशीच्या आसपास असेल."

शिवणाच्या सिस्टर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "अरे देवा. आणि मी तिला विजार घालत होते!"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण बाई हसत नव्हत्या. त्या मुलांच्या बाकावर बसल्या होत्या. हाडांत त्यांची चूक काढायची कोणाची छाती नव्हती. कोंबडीपासून बैलापर्यंत नुसता तुकडा हातात दिला तरी सांगत. आणि रोज डोळ्यांसमोर असलेली ही पोर त्यांनी ओळखली नव्हती.

"बाई, विजार होती ना," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "कोणालाही कळलं नसतं."

"मला कळायला हवं होतं. नाडी सोडायला कितीसा वेळ लागतो?" मग त्या उठल्या, कपाटाजवळ गेल्या आणि त्या खडूच्या करंगळीला हात लावून म्हणाल्या, "पंचविशीची. त्या वयाच्या झाल्या की माझ्या शाळेतल्या मुली मला लग्नाचं बोलावणं घेऊन येतात." आणि बाई रडल्या. मग एकदम त्यांना हसू फुटलं. "मामा काय, मामा! दाढीमिशीचासुद्धा विचार केला होता मी याच्या, सर. तुमच्यासारखी मिशी असणार असं वाटायचं मला." मग आम्ही चौघंही हसलो, सिस्टर अजून भिंतीकडे तोंड करून, आणि खिडकीबाहेर पोरं कासावीस झाली की आत चाललंय तरी काय.

त्यांना सांगायला बाई स्वतः बाहेर आल्या. मी सांगतो म्हटलं तर मला बाजूला सारलं. वर्गासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी चुकले. मी विजार बघितली आणि आत बघायचं सोडून दिलं. मामा नव्हते. तुमच्या मोठ्या बहिणीएवढी मुलगी होती."

मग शंकासुराने हात वर केला. "बाई, मग आम्ही इतके दिवस प्रार्थना चुकीच्या माणसासाठी केली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पत्ता बरोबर होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी माइकवरून "विज्ञानाच्या खोलीतल्या ताईंना" विश्रांती मागितली गेली. शाळेच्या सुताराने पाइनच्या फळ्यांची पेटी केली, कडा हाताने गुळगुळीत केल्या. शिवणाच्या सिस्टरांनी कोणाला काही न विचारता यंत्र सुरू केलं. निळ्या कापडाचा लांब झगा शिवला, गळ्याला बारीक पांढरी लेस. "इतकी वर्षं चुकीचं शिवलं," एवढंच म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी तो डोळे उघडे ठेवून चढवला.

ऊन कोवळं होतं. दफनभूमीत गवत नुकतंच कापलेलं, त्याचा वास सुटलेला. सातवीचा वर्ग ओळीने उभा, मोजे वर ओढलेले. डॉक्टर दवाखान्यातून तसेच आले होते. मी मागे, झाडाखाली. मी प्रार्थनेच्या वेळी मागेच उभा राहतो. माझं आणि देवाचं बरं चाललंय, एकमेकांच्या वाटेला जात नाही. बाई मुलांच्या ओळीच्या टोकाला उभ्या होत्या, हात मागे बांधून. पेटी खाली उतरली तेव्हा त्यांची पाठ ताठ होती, पण मागून मला दिसत होतं, बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

फादरांनी पुस्तक उघडलं. प्रार्थना म्हटली. जिथे नाव घ्यायचं तिथे "तुझी ही लेक" म्हणाले. मग, अशा वेळी नेहमी म्हणतात तसं, सवयीने, पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "आता घरच्या माणसांनी पुढे येऊन माती द्यावी."

म्हणाले आणि त्यांच्याच लक्षात आलं. घरचं कोण असणार? गोरेमोरे होऊन ते पान उलटायला लागले. कोणी हललं नाही. खोदकाम करणारा माणूस फावडं सावरून पुढे यायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या ओळीतून निघाल्या आणि खड्ड्याच्या कडेशी गेल्या. वाकून मूठभर माती घेतली. मूठ खड्ड्यावर धरली, पण ती काही केल्या उघडेना. सगळे बघत होते. मग त्यांनी दुसऱ्या हाताने त्या मुठीची बोटं एकेक करून सोडवली आणि माती खाली पडली.

त्यांच्या मागोमाग शंकासूर गेली. मग घोगऱ्या आवाजाचा पोरगा, मग वर्गातलं एकेक पोर, प्रत्येकाने माती दिली आणि हळूच आपलं नाव सांगितलं. शिवणाच्या सिस्टर गेल्या. डॉक्टर गेले. मी झाडाखाली उभा होतो, तर बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मीही गेलो.